स्वतः पाहिलेले आणि इतरांनी सांगितलेले

आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील समवर्ती सूचीत सोळाव्या क्रमांकाची नोंद आहे. इंग्रजी पाठात ती अजूनही 'ल्यूनसी' या जुन्या शब्दानेच सुरू होते. सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा राज्यांचा विषय; मनोरुग्णास ताब्यात घेणे व ठेवणे हा मात्र केंद्र आणि राज्य दोघांचाही. त्यामुळे दूरच्या डॉक्टरने पडद्यावरून केलेली तातडीची मानसिक तपासणी कायद्याने ग्राह्य धरावी काय, हा प्रश्न आज ना उद्या राज्यांच्याही दारी येणारच आहे. त्याचे मूळ मात्र फार जुने आहे.

1858 साली, कंपनीचे राज्य संपत असतानाच, वेड्यांविषयी तीन कायदे झाले. त्यांची जागा 1912 च्या कायद्याने घेतली. त्याच्या परिशिष्टातील वैद्यकीय दाखल्याचा नमुना मला नेहमीच विचारात पाडतो. त्या व्यक्तीस आपण स्वतः, इतर डॉक्टरांपासून वेगळे राहून तपासले, असे डॉक्टरने लिहून द्यायचे. त्याखाली दोन रकाने: तपासणीच्या वेळी मी स्वतः पाहिलेल्या गोष्टी, आणि इतरांनी मला सांगितलेल्या गोष्टी. हा कायदा एरवी बंदोबस्ताचा, कोंडून ठेवण्याचा. पण वाटणीत अडसर ठरणारा भाऊ अथवा नकोशी झालेली पत्नी वेडी ठरवून भिंतीआड धाडणे किती सोपे आहे, याची जाण हा नमुना लिहिणाऱ्यास असावी. ऐकीव माहितीवर कोणाचे स्वातंत्र्य जाऊ नये, एवढी राखण त्या दोन रकान्यांनी केली.

1987 चा कायदा 1 एप्रिल 1993 पासून अमलात आला. आदेशाची सूत्रे दंडाधिकाऱ्याकडेच राहिली. खरा पालट झाला तो 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने. रुग्ण येथे हक्कधारी झाला. तातडीच्या प्रसंगी, जीव जाण्याचा किंवा गंभीर इजेचा धोका असेल तर, कोणताही नोंदणीकृत डॉक्टर उपचार करू शकतो. उपस्थित असल्यास नामनिर्देशित प्रतिनिधीची संमती हवी, आणि मर्यादा 72 तासांची. तत्पूर्वी मानसिक आरोग्य आस्थापनेत तपासणी झाली, तर मुदत तेथेच संपते. पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या माणसास 24 तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यावे लागते. कोठडीत ठेवता येत नाही.

आता अंतराचा प्रश्न. अरुणाचलच्या एखाद्या खोऱ्यातून मनोविकारतज्ज्ञापर्यंत पोहोचायचे, तेही पावसाळ्यात! संसदेस याची कल्पना होती. दळणवळणाच्या अडचणींचा स्पष्ट उल्लेख करून तिने ईशान्येकडील आठ राज्यांसाठी 72 चे 120 तास केले. उत्तराखंड, हिमाचल, जम्मू-काश्मीर, लक्षद्वीप व अंदमान-निकोबार यांनाही ही सवलत मिळाली. म्हणजे रस्ता लांब म्हणून घड्याळ लांबवले. प्रशासनात ही युक्ती आपण सारेच वापरतो. पण त्या वाढीव 48 तासांची किंमत रुग्ण मोजतो, हे लक्षात घेतले पाहिजे.

वास्तविक पर्याय अज्ञात नव्हता. तमिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात 'स्कार्फ' या संस्थेची बस 2010 पासून गावोगाव जाऊन चेन्नईच्या तज्ज्ञाशी पडद्यावर भेट घडवत होती. पुढे 25 मार्च 2020 रोजी, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, केंद्राची टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वे आली. परंतु त्यांनी तातडीच्या प्रसंगी दूरसल्ला प्रथमोपचार, समुपदेशन व पुढे पाठवणी एवढ्यापुरताच ठेवला आणि रुग्णाने लवकरात लवकर प्रत्यक्ष डॉक्टर गाठावा असे सांगितले. 10 ऑक्टोबर 2022 पासून 'टेलिमानस'चा 14416 हा क्रमांक सुरू आहे. तो आधार देतो. दाखला देणे हे त्याचे काम नव्हे.

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याच्या कायद्याने हे धाडस केले आहे. तेथे ताब्यातील व्यक्तीची तपासणी समक्ष किंवा दुतर्फा दृक्‌श्राव्य यंत्रणेने करता येते, असे कलमातच लिहिले आहे. त्या भागातील आपल्या वाचकांना 2013 ची घटना आठवत असेल. राज्याचे सिनेटर क्रे डीड्स यांच्या मुलाची तपासणी झाली, पण मुदतीत खाट मिळाली नाही म्हणून त्याला घरी सोडावे लागले. दुसऱ्या दिवशी त्याने वडिलांवर वार केले आणि स्वतःचा जीव घेतला. 2014 मध्ये विधिमंडळाने ताब्याची मुदत आठ तासांवर नेली व शेवटचा आसरा म्हणून सरकारी रुग्णालयाने खाट दिलीच पाहिजे असे ठरवले. पडदा होता, खाट नव्हती.

माझे मत पडद्याच्या बाजूचे आहे, पण एका अटीवर. पडद्यावर दिसते ते 'स्वतः पाहिलेले' मानावे का? कॅमेरा धरणारा हात जर तक्रार करणाऱ्या नातेवाइकाचा किंवा शिपायाचा असेल, तर डॉक्टरला दिसणारे दृश्य बरेचसे 'इतरांनी सांगितलेले'च ठरते. म्हणून राज्यांनी नियम करताना खोलीत कोण असावे, रुग्णाशी एकांतात बोलणे कसे व्हावे, दुवा तुटला तर तपासणी झाली असे धरावे की नाही, हे आधी लिहावे. डोंगराळ राज्यांची ती 120 तासांची सवलत अधिनियमातच दहा वर्षांपुरती आहे. 2018 पासून मोजता ती 2028 साली संपते. रस्ते तोवर किती झाले असतील ते झाले असतील, नियमांचा मसुदा मात्र आताच हाती घ्यावा लागेल.