पीनट्स
चार्ल्स एम. शुल्झ (१९२२–२०००) या अमेरिकन व्यंगचित्रकाराची दैनिक चित्रमालिका. २ ऑक्टोबर १९५० रोजी ती सात वृत्तपत्रांत सुरू झाली आणि २००० च्या फेब्रुवारीपर्यंत चालली. एकूण १७,८९७ चित्रपट्ट्या शुल्झ यांनी मदतनीस न घेता स्वतः लिहिल्या आणि रेखाटल्या. संवादांची अक्षरेही त्यांच्याच हातची.

शुल्झ यांचा जन्म मिनिआपोलिसचा. बालपण शेजारच्या सेंट पॉलमध्ये गेले. तिथल्या वृत्तपत्रात १९४७ पासून ते ‘लिल फोक्स’ हे सदर काढत. युनायटेड फीचर सिंडिकेट या वितरणसंस्थेने ते घेताना दिलेले ‘पीनट्स’ हे नाव शुल्झ यांना अखेरपर्यंत रुचले नाही. मालिका जागा वाचवणारी म्हणून खपवली गेली. एकसारख्या मापाच्या चार चौकटी संपादकांना आडव्या, उभ्या किंवा चौरसात लावता येत. इतक्या लहान चौकटीत तपशिलाला वाव नव्हता. मोठ्या डोक्यांची मुले, भुवईची एखादी रेघ आणि भरपूर मोकळी जागा ही शुल्झ यांची शैली या अडचणीतूनच घडली.

मालिकेचा नायक चार्ली ब्राउन सतत हरतो. पहिल्याच दिवशी तो हसतमुखाने रस्त्यावरून जातो आणि तो दूर जाताच तिथे बसलेला मुलगा त्याच्याविषयीचा तिटकारा बोलून दाखवतो. मुलांच्या चित्रमालिकेत असा कडवटपणा तेव्हा नवा होता. पुढे त्याचा बेसबॉल संघ हरत राहिला, पतंग झाडाने गिळले, आणि तो फुटबॉलला लाथ मारायला धावला की ल्यूसी ही मुलगी ऐन वेळी चेंडू उचलून घेऊ लागली. तो ज्या लाल केसांच्या मुलीवर भाळलेला असतो, ती शुल्झ यांचे प्रेम नाकारणाऱ्या एका तरुणीवरून सुचली. तरीही चार्ली ब्राउन पुढच्या वर्षी पुन्हा त्या चेंडूकडे धावतो. मालिकेचे खरे मोठेपण या चिवटपणात आहे.

इतर पात्रांचे छंद आणि हट्ट ठरलेले आहेत. पाच सेंट घेऊन मानसोपचार करणारी ल्यूसी, पांघरूण हातातून न सोडणारा तिचा भाऊ लायनस, खेळण्यातल्या पियानोवर बेथोव्हेन वाजवणारा श्रोडर. मोठी माणसे जवळपास दिसतच नाहीत. स्नूपी हा कुत्रा आधी चार पायांवर चाले. पन्नासच्या दशकात तो दोन पायांवर उभा राहिला आणि त्याच्या कल्पनेला सीमा उरली नाही. घराच्या छपरालाच विमान मानून तो पहिल्या महायुद्धातला वैमानिक होतो. १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर एका शिक्षिकेने केलेल्या पत्रव्यवहारातून, फ्रँकलिन हा कृष्णवर्णीय मुलगा मालिकेत आला.

१९६५ च्या ‘अ चार्ली ब्राउन ख्रिसमस’ या दूरचित्रवाणीपटात पात्रांना खऱ्या मुलांचे आवाज आणि विन्स ग्वाराल्डी यांचे जॅझ संगीत लाभले. १९६९ मध्ये अपोलो १० मोहिमेतील मुख्य यानाला ‘चार्ली ब्राउन’ आणि चांद्रयानाला ‘स्नूपी’ ही हाकेची नावे मिळाली.

१९८१ च्या हृदयशस्त्रक्रियेनंतर शुल्झ यांचा हात थरथरू लागला; उत्तरकाळातील रेषेत तो कंप स्पष्ट दिसतो. कर्करोगामुळे त्यांनी १९९९ च्या अखेरीस निवृत्ती जाहीर केली. १२ फेब्रुवारी २००० रोजी त्यांचे निधन झाले आणि शेवटची रविवारची चित्रपट्टी दुसऱ्या दिवशी छापून आली. आपल्यामागे ही मालिका दुसऱ्या कोणी काढू नये अशी त्यांची इच्छा होती. ती पाळली गेली. वृत्तपत्रांत त्यानंतर जुन्याच चित्रपट्ट्या पुन्हा छापल्या जातात.