येणारा फोन

1985 साली टपाल आणि दूरसंचार ही खाती वेगळी झाली, त्याच सुमारास मी बेळगावहून इंदूरला सासरी आले. माहेरचा ट्रंककॉल शेजारच्या दुकानात यायचा. हाक ऐकली की काळजात धस्स व्हायचं. बाकी सुखदुःख पोस्टकार्डावर, म्हणजे सगळ्यांनी वाचण्याजोगं.

1994 च्या दूरसंचार धोरणानं खासगी कंपन्यांना दार उघडलं. पुढच्या वर्षी देशात मोबाईल आला, पण आलेला फोन घेतला तरी मिनिटामागे पैसे पडत. धंद्यासाठी यांनी घेतला, तेव्हा तोच घरचा फोन झाला. आई बोलू लागली की माझं लक्ष घड्याळाकडे. "बरं आहे गं," म्हणून ठेवून द्यायची. बरं नसायचं तेव्हासुद्धा!

1997 मध्ये 'ट्राय' हे नियामक प्राधिकरण बसलं. मे 2003 पासून नियम झाला: फोन करणाऱ्यानंच पैसे भरायचे. स्पर्धेनं दर उतरले हे खरंच. पण पैसे कुणाच्या खिशातून जायचे, हे नियमानं ठरवलं.

मैत्रिणींनो, बाजार चांगला की सरकार, हा वाद चालू दे. आई म्हणाली, "पैसे माझे जातायत, तू बोल." मग मी बोलले.