जय भीम कॉम्रेड

आनंद पटवर्धन यांचा २०११ मधील माहितीपट. लांबी सुमारे तीन तास, चित्रीकरण मात्र चौदा वर्षांचे. स्वतःच लिहिणारे, चाल बांधणारे आणि गाणारे आंबेडकरी शाहीर वस्तीत, चौकात, लोकांच्या गराड्यात कसे गातात, याचे इतके भरघोस चित्रण दुसरीकडे क्वचितच सापडेल.

माहितीपटाच्या मुळाशी शाहीर विलास घोगरे आहेत. मुंबईतल्या झोपड्या पाडण्याच्या मोहिमेवरील ‘हमारा शहर’ (१९८५) या पटवर्धनांच्या आधीच्या माहितीपटात ते गायले होते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. जमाव रस्त्यावर उतरला आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा जण ठार झाले. त्यानंतर काही दिवसांतच घोगरे यांनी आत्महत्या केली. आयुष्यभर डाव्या चळवळीची गाणी गायलेल्या या माणसाने अखेरच्या क्षणी डोक्याला निळे कापड बांधले होते. डाव्यांचा लाल आणि आंबेडकरी निळा यांच्या नात्याचा हाच प्रश्न शीर्षकातल्या ‘जय भीम’ आणि ‘कॉम्रेड’ या जोडीत आहे. घोगरे यांना त्यांच्याच सांस्कृतिक संघटनेने दूर केले होते, ही अवघड बाजूही पटवर्धन झाकत नाहीत.

मैफलीच्या चित्रपटाचा रूढ नमुना इथे नाही. मार्टिन स्कॉर्सेसी यांनी ‘द लास्ट वॉल्ट्झ’साठी १९७६ मध्ये ‘द बँड’ या कॅनेडियन-अमेरिकी वाद्यवृंदाचा निरोपाचा कार्यक्रम टिपला, तेव्हा अनेक कॅमेरे आणि आखून दिलेली प्रकाशयोजना हाताशी होती, आणि बहुतेक वेळ कॅमेरा रंगमंचावरच राहिला. पटवर्धनांचा कॅमेरा बराचसा त्यांच्याच हातात आहे. तो ढोलकी-डफावरून सारखा समोरच्या चेहऱ्यांकडे वळतो. शाहिरीत कोरस धरणारे आणि ऐकणारे यांच्यातली रेघ पुसट असते, त्यामुळे हे वळणे योग्यच ठरते.

या गायकांची वंशावळ लांबवर जाते. भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे, अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक, पुढे वामनदादा कर्डक (१९२२–२००४). गीताच्या शेवटच्या कडव्यात स्वतःचे नाव गुंफण्याची वामनदादांची रीत तर थेट संतांची. परभणी जिल्ह्यातील गंगाखेडच्या मानल्या जाणाऱ्या जनाबाईंनी तेराव्या-चौदाव्या शतकात अभंगावर अशीच नाममुद्रा उमटवली. ध्वनिमुद्रण नव्हते तेव्हा कवीचा हक्क गाण्याच्या आतच नोंदवला जाई. मराठवाड्यात भीमजयंतीच्या सुमारास गावोगाव रंगणाऱ्या भीमगीतांच्या कार्यक्रमांत ही पद्धत आजही कानी पडते.

उत्तरार्धात खैरलांजीचे दलित कुटुंबाचे हत्याकांड (२००६) येते आणि पुण्याचा कबीर कला मंच हा गायकांचा गटही. मंचाच्या गायिका शीतल साठे यांचा खणखणीत आवाज हा या माहितीपटाचा सर्वांत मोठा ठेवा. चित्रीकरण संपेपर्यंत मात्र मंचाच्या कलावंतांवर नक्षलवादाशी संबंधाचे आरोप झाले, २०११ मध्ये अटका झाल्या आणि साठे व मंचाचेच सचिन माळी भूमिगत झाले. २ एप्रिल २०१३ रोजी दोघे मुंबईत विधानभवनासमोर प्रकट झाले. साठे यांना त्याच वर्षी जामीन मिळाला, माळी यांना २०१७ मध्ये. दोघे अज्ञातवासात होते त्या काळात प्रेक्षकांपुढे त्यांचे गाणे पोचत होते ते या माहितीपटातून.

पट पसरट आहे, हा आक्षेप खोटा नाही. दंगल, निवडणूक, नेत्यांच्या कोलांटउड्या यांत गाणे अधूनमधून हरवते. तरी काठमांडूच्या ‘फिल्म साउथ एशिया’ महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा मान मिळाला, आणि ५९ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत परीक्षकांचा विशेष पुरस्कारही. चित्रपटगृहांपेक्षा त्याचे खेळ कामगार वस्त्यांत पडदा बांधून झाले.

त्यानंतर आलेल्या चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या कथापटात शाहिराला भर कार्यक्रमात अटक होते. गाण्यामुळे एका सफाई कामगाराने जीव दिला, असा त्याच्यावर आरोप. त्यातली गीते संभाजी भगत यांची. शाहीर नारायण कांबळेची भूमिका करणारे वीरा साथीदार हे नागपूरचे कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक होते.