साखर चढते तेव्हा: टोरांटो ते वागळे इस्टेट

(धागा)

१/ १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. ठाण्याची वागळे इस्टेट ही महामंडळाच्या अगदी आरंभीच्या वसाहतींपैकी एक. मुलुंड चेकनाक्यापलीकडच्या या पट्ट्यात कारखाने उभे राहिले, किसननगर, श्रीनगर, लोकमान्यनगर या भागांत कामगारांची वस्ती वाढली आणि राज्य कामगार विमा योजनेचे रुग्णालयही येथेच आले. त्याच्या चाळीस वर्षे आधी, १९२२ साली, टोरांटोमध्ये एका मुलाला इन्सुलिनचे इंजेक्शन मिळाले होते. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध काय? टाइप १ मधुमेह झालेल्या कामगाराच्या मुलाला वाचायचे असेल, तर दोन्हींची गरज पडते. कशी, ते या धाग्यात.

२/ आधी आजार समजून घेऊ. स्वादुपिंडातील काही पेशी इन्सुलिन तयार करतात. टाइप १ मधुमेहात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच त्या पेशी नष्ट करते. इन्सुलिन नसले की रक्तात साखर भरपूर असूनही पेशी उपाशी राहतात. रक्तातील साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की ती लघवीवाटे सांडू लागते आणि जाताना पाणी व क्षार ओढून नेते. उपाशी शरीर मग चरबी जाळते. त्यातून कीटोन नावाची आम्ले साचतात आणि रक्त आम्लधर्मी होते. या अवस्थेला कीटोॲसिडोसिस म्हणतात. उपचार मिळाले नाहीत, तर शेवट बेशुद्धीत आणि मृत्यूत होतो.

३/ रोगाची ओळख फार जुनी. मधासारखी लघवी आणि तिच्याकडे धावणाऱ्या मुंग्या हे प्रमेहाचे लक्षण आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत नोंदलेले आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत: एक जन्मजात, दुसरा अपथ्यातून आलेला. पहिल्याचा रोगी कृश, कोरडा, कमी खाणारा आणि सतत तहानलेला. दुसऱ्याचा स्थूल आणि खादाड. आजच्या टाइप १ आणि टाइप २ यांच्याशी हे वर्णन तंतोतंत जुळवणे धाडसाचे ठरेल. तरीही एकाच नावाखाली दोन वेगळ्या प्रकृतीचे रोगी आहेत, हे त्या वैद्यांच्या नजरेतून सुटले नव्हते.

४/ शेवटच्या अवस्थेचे नेमके वर्णन मात्र १८७४ साली झाले. जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाउल यांनी मरणासन्न मधुमेही रुग्णांच्या श्वासाकडे लक्ष वेधले. श्वासमार्गात कसलाही अडथळा नसताना हे रुग्ण अतिशय खोल, धाप लागल्यासारखा श्वास घेत होते. रक्तातील आम्ल कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने बाहेर टाकण्याची ती शरीराची धडपड असते. वैद्यकाच्या पुस्तकांत या श्वासाला आजही कुसमाउल यांचेच नाव आहे. अशा रुग्णाच्या तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो; तो ॲसिटोनचा.

५/ १८८९ साली स्ट्रासबुर्गमध्ये मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले, तेव्हा त्याला तीव्र मधुमेह झाला. दोष कोठे आहे ते कळले; उपाय पुढची तीस-बत्तीस वर्षे मिळाला नाही. या काळात फ्रेडरिक ॲलन या अमेरिकी वैद्यांचा उपासाचा उपचार गाजला. मुलांना मोजूनमापून, जेमतेम तग धरण्यापुरते अन्न द्यायचे. त्याने साखर आणि कीटोन काही काळ आटोक्यात राहत. मूल रोगाने मरायचे ते लांबत असे, पण हळूहळू हाडांचा सापळा होत असे.

६/ ११ जानेवारी १९२२. टोरांटो जनरल हॉस्पिटलमध्ये चौदा वर्षांचा लेनर्ड थॉम्पसन. वजन सुमारे २९ किलो. बॅन्टिंग आणि बेस्ट यांनी तयार केलेला स्वादुपिंडाचा अर्क त्याला टोचण्यात आला. साखर थोडीच उतरली, कीटोन तसेच राहिले आणि सुई टोचली तेथे गळू झाले. मग रसायनज्ञ कॉलिप यांनी तो अर्क शुद्ध केला. २३ जानेवारीपासून पुन्हा इंजेक्शने सुरू झाली. या वेळी साखर ५२० वरून १२० मिलिग्रॅमवर आली आणि लघवीतील कीटोन नाहीसे झाले. ही दुसरी नोंद विशेष महत्त्वाची, कारण मुलांचा जीव घेत होते ते कीटोनच.

७/ त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एलिझाबेथ ह्यूज ही मुलगी टोरांटोला पोहोचली. ॲलन यांच्या उपासावर तग धरलेली, पंधरा वर्षांची, वजन जेमतेम २० किलो. इन्सुलिन सुरू झाले आणि ती पुढे १९८१ पर्यंत जगली. संशोधकांनी पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला दिले. १९२३ साली बॅन्टिंग आणि मॅक्लाउड यांना नोबेल मिळाले. शाळेच्या पुस्तकात गोष्ट साधारण येथे संपते. प्रत्यक्षात इन्सुलिन हाताशी असूनही कीटोॲसिडोसिसने माणसे दगावतच राहिली.

८/ पहिले कारण: रुग्णाच्या शरीरातून नुसते इन्सुलिन गेलेले नसते, लिटरच्या लिटर पाणी आणि क्षारही गेलेले असतात. सलाइनने पाणी भरून काढण्याचे महत्त्व लवकर उमगले. पोटॅशियमचे कोडे सुटायला १९४६ साल उजाडले. जेकब हॉलर या अमेरिकी वैद्यांनी दाखवले की, उपचारांनी साखर उतरत असतानाच रुग्णाचे पोटॅशियम घातक पातळीपर्यंत घसरू शकते. इन्सुलिन साखरेबरोबर पोटॅशियमही पेशींत ढकलते. परिणामी स्नायू लुळे पडतात, श्वास आणि हृदयाची लय बिघडते. रुग्ण रोगातून वाचून उपचारात दगावू शकतो, हे तेव्हा लक्षात आले.

९/ दुसरे कारण: मात्रा. पुढची पंचवीस वर्षे कीटोॲसिडोसिसच्या रुग्णाला शेकडो युनिट इन्सुलिन देण्याचा प्रघात होता. १९७२-७३ च्या सुमारास ब्रिटनमध्ये सोन्कसेन, अल्बर्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. दर तासाला थोडे, साधारण ५ ते १० युनिट, आणि दर तासाला मोजमाप. साखर तितकीच नीट उतरली. पोटॅशियम आणि साखर धाडकन कोसळण्याचा धोका मात्र घटला. मुलांच्या बाबतीत सावकाशपणाला आणखी एक कारण आहे. त्यांच्या मेंदूला सूज येण्याचा धोका असतो. म्हणून सलाइन आणि इन्सुलिन घाईने न देता हिशेबाने देतात. आज कोणत्याही अतिदक्षता विभागातील उपचार याच पायावर उभे आहेत.

१०/ पण रुग्णालयात पोहोचण्याआधी घरात काय घडत होते? तेथे मोजमापाचा इतिहास येतो. मराठी घरांतील जुन्या पिढीला बेनेडिक्टचे निळे द्रावण आठवेल. परीक्षानळीत पाच मिली द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी लाल झाला तर साखर चढत्या क्रमाने. कीटोनसाठी रोथेरा यांची १९०८ सालची चाचणी होती. तिचा जांभळा रंग म्हणजे धोक्याची खूण. शेजारच्या भांड्यात काचेची सिरिंज आणि सुई उकळत असे.

११/ या चाचणीची मर्यादा मोठी होती. लघवी मागच्या काही तासांची हकिगत सांगते. या क्षणी रक्तात किती साखर आहे, ते सांगत नाही. १९६० च्या दशकात रक्ताच्या थेंबाने रंग बदलणाऱ्या पट्ट्या आल्या, १९७० च्या सुमारास त्या रंगाचे वाचन करणारे यंत्र आले आणि पुढच्या दशकात ते घराघरांत पोहोचू लागले. १९९३ साली १,४४१ रुग्णांच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासाने सिद्ध केले की, वारंवार मोजून साखर आटोक्यात ठेवली तर डोळे, मूत्रपिंडे आणि नसा यांची हानी पुष्कळ टळते.

१२/ आता पुन्हा ठाण्याकडे. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने एक मूलभूत गोष्ट केली. कामगाराच्या पगारातून थोडी वर्गणी, मालकाची थोडी, आणि त्या बदल्यात कामगारासह त्याच्या कुटुंबाला वैद्यकीय उपचार. ताप-खोकल्याच्या रुग्णाला याचे मोल महिन्यातून एखाद्या वेळी कळते. टाइप १ मधुमेहाच्या मुलाला ते रोज कळते. कारण त्याला दिवसातून अनेकदा इन्सुलिन लागते आणि ते आयुष्यभर लागते. बँन्टिंगच्या शोधाला गिरणगावात किंवा वागळे इस्टेटीत अर्थ आला तो अशा व्यवस्थेमुळे.

१३/ त्याच व्यवस्थेची कच्ची बाजूही येथेच दिसते. विम्याचा हक्क नोकरीला आणि पगाराच्या मर्यादेला बांधलेला आहे; २०१७ पासून ही मर्यादा महिना २१,००० रुपये आहे. वागळे इस्टेटीत पुढे अनेक कारखान्यांच्या जागी कार्यालये आणि आयटी पार्क उभे राहिले. कारखाना बंद पडला की पगाराबरोबर विम्याच्या हक्कालाही मुदत लागते. घरखर्चात कपात करताना इन्सुलिनची मात्रा कमी करणे किंवा एखादे इंजेक्शन टाळणे हा पर्याय नव्हे. टाइप १ च्या रुग्णाला त्याने काही तासांपासून एक-दोन दिवसांत कीटोॲसिडोसिस होऊ शकतो.

१४/ ही पोकळी भरण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात झाले. १९५५ साली मुंबईत डॉ. शां. श्री. आजगावकर यांच्या पुढाकाराने डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांच्या ड्रीम ट्रस्टने गरीब घरांतील टाइप १ च्या मुलांना विनामूल्य इन्सुलिन पुरवण्याचे काम हाती घेतले. विदर्भाच्या उन्हाळ्यात, फ्रिज नसलेल्या घरात इन्सुलिन टिकवायचे कसे, हा तेथला रोजचा प्रश्न. त्याला उत्तर आपल्याच माजघरात होते: ओला माठ. पाझरणारे पाणी वाळताना आतली उष्णता नेते आणि बाटली बाहेरच्या हवेपेक्षा थंड राहते.

१५/ इन्सुलिन कोठून येई? १९२३ पासून अनेक दशके ते गुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढले जाई. १९८२ साली जिवाणूंकडून बनवून घेतलेले मानवी इन्सुलिन अमेरिकेत बाजारात आले. २००३ साली वोखार्ट या मुंबईच्या कंपनीने असे इन्सुलिन भारतात बनवून विकायला सुरुवात केली.

१६/ पुरवठ्यात एक बारीक पण जीवघेणी गोम आहे. भारतात बाटलीतले इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिटचे मिळते, पेनमधले १०० युनिटचे. ४० साठीच्या सिरिंजचे टोपण लाल, १०० साठीचे नारिंगी. ४० चे इन्सुलिन नारिंगी टोपणाच्या सिरिंजने त्याच आकड्यापर्यंत भरले, तर शरीरात जाते अडीच पट कमी आणि साखर चढते. उलट गफलतीत अडीच पट जास्त जाते आणि साखर जीवघेणी उतरते. औषध तेच, रुग्ण तोच. फरक टोपणाच्या रंगाचा.

१७/ आणि शंभर वर्षांनंतरही सर्वांत कच्ची कडी तीच, सर्वांत जुनी: ओळख. नव्याने टाइप १ झालेले मूल पोटात दुखते, उलट्या होतात म्हणून आणले जाते. पोट बिघडले असे वाटते. खोल श्वास पाहून दमा किंवा न्यूमोनियाची शंका येते. गावाकडे बाहेरची बाधाही ठरते. त्याच्याही आधीच्या खुणा घरच्यांना दिसलेल्या असतात: न भागणारी तहान, सारखी लघवी, गादी ओली न करणाऱ्या मुलाने पुन्हा ती ओली करणे, खाऊनही उतरणारे वजन. अशा वेळी बोटातून काढलेल्या रक्ताच्या एका थेंबाने काही सेकंदांत उत्तर मिळते. ही तपासणी कोणत्याही छोट्या दवाखान्यात होऊ शकते.

१८/ ज्यांना आजार आहे हे ठाऊक आहे, त्यांच्यासाठी शतकभराच्या अनुभवातून आलेले नियम असे. ताप, जुलाब असोत किंवा जेवण जात नसो, इन्सुलिन पूर्ण बंद करायचे नाही. आजारपणात त्याची गरज बहुधा वाढते. साखर २५० च्या वर राहत असेल तर कीटोन तपासायचे. पाणी पीत राहायचे. मात्रा किती बदलायची, ते आपल्या डॉक्टरांशी आधीच ठरवून लिहून ठेवायचे. उलट्या थांबत नसतील, श्वास खोल होत असेल, गुंगी येत असेल, तर घरी वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचे. महाराष्ट्रात त्यासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे.

१९/ म्हणून इन्सुलिनचा इतिहास १९२२ या एका सालात मावत नाही. कुसमाउल यांचे १८७४, हॉलर यांचे १९४६, कामगार विम्याचे १९४८, कमी मात्रेचे १९७३ ही सारी त्याच इतिहासाची साले. आज वागळे इस्टेटीतल्या एखाद्या मुलाची साखर मध्यरात्री चढली, तर त्याच्या मदतीला ही सगळी वर्षे एकत्र यावी लागतात. त्यांतले एक जरी निसटले, तरी ते मूल पुन्हा १९२२ च्या आधीच्या काळात जाऊन पडते.

(धागा समाप्त)