चेहऱ्यातील ‘फिलर’ किती काळ टिकतात?

सोलापूर : सुरकुत्या बुजविण्यासाठी किंवा ओठ-गाल भरीव दिसावेत म्हणून त्वचेखाली टोचल्या जाणाऱ्या ‘फिलर’चा टिकाऊपणा त्यातील द्रव्यावर अवलंबून असतो. सर्वाधिक वापरले जाणारे हायलुरॉनिक आम्ल साधारणतः ६ ते १८ महिने टिकते. सतत हलणाऱ्या ओठांत ते लवकर विरते, गालांत अधिक काळ राहते. कॅल्शियम हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट सुमारे वर्ष-दीड वर्ष, तर पॉलि-एल-लॅक्टिक आम्लाचा परिणाम सुमारे दोन वर्षे राहतो. पीएमएमएचे कण कायमच राहतात.

मात्र, अधिक टिकाऊ ते अधिक चांगले, असे नव्हे. फिलर रक्तवाहिनीत शिरल्यास त्वचा मृत होण्याचा, क्वचित दृष्टी जाण्याचा धोका असतो. हायलुरॉनिक आम्ल हायलुरोनिडेज या विकराने विरघळविता येते. अन्य द्रव्यांवर असा उतारा नाही. म्हणूनच सुई टोचून घेण्यापूर्वी त्वचारोगतज्ज्ञांना द्रव्याचे नाव विचारणे आणि त्याची नोंद जपून ठेवणे हिताचे ठरते.