तळटीप : ‘कोयत्यावरची बाळंतीण’

* ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. दिवाळीच्या आसपास माजलगाव परिसरातून असे कोयते मुकादमाकडून उचल घेऊन निघतात. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा दिली. पण तिचा आधार नोकरी हाच. तोडणीवरच्या बाईचा खाडा उचलीच्या हिशेबात चढतो. म्हणून ती पोटुशी असतानाही डोक्यावर मोळी घेऊन ट्रक भरते. स्वीडनमध्ये आईबापांना मिळून मुलामागे ४८० दिवसांचा पालकभत्ता असतो. कमाई नसलेल्या आईलाही त्यात किमान रक्कम मिळते. तिथे हक्क मुलामागे येतो, इथे पगारपत्रकामागे. मूळ मजकुरातली बाळंतीण ओल्या अंगाने फडात का उतरली, याचे उत्तर या फरकात आहे. — संपादक