गाविलगडचा कडा व पावसाचें दप्तर

चिखलदरा या नांवाची उपपत्ति कीचकाच्या कथेवरून लाविली जाते. भीमानें कीचकास मारून ज्या दरींत टाकिलें ती कीचकदरा, अशी लोकवार्ता आहे. 'चिखलाचा दरा' हा अर्थ अधिक सरळ दिसतो. परंतु जुन्या इंग्रजी दप्तरांत 'चिकलदा' असें रूप येतें. तेव्हां केवळ नामावरून भूमीचें अनुमान करणें युक्त नव्हे; भूमीच पाहिली पाहिजे.

हा डोंगर लाव्ह्याच्या थरांचा. कठीण काळ्या पाषाणाखालीं झिजलेला मऊ थर, क्वचित् तांबड्या मातीचा पट्टा, अशी त्याची रचना. पाणी पाषाणाच्या भेगांतून उतरून मऊ थरावर अडतें. तेथें दाब वाढून मातीची पकड सुटते व वरचा कडा निराधार होतो.

अशा कड्यावर अहमदशहा बहमनीनें इ. स. 1425 च्या सुमारास गाविलगड बांधविला. 1488 त फत्तेउल्ला इमादुल्मुल्कानें व 1577 त बहरामखानानें त्याचा जीर्णोद्धार केला. हे जीर्णोद्धार पर्जन्यामुळेंच झाले असें मात्र म्हणतां येत नाहीं. 1488 नंतर दोनच वर्षांनीं इमादशाही स्वतंत्र झाली. 1577 च्या तीन वर्षें आधीं वऱ्हाड निजामशाहींत गेलें होतें. सत्तांतराच्या वेळीं किल्ला सजविणें स्वाभाविकच. तसेंच 15 डिसेंबर 1803 रोजीं वेलस्लीच्या फौजेनें गड घेतला तेव्हां उत्तरेच्या तटास तोफांनीं खिंडार पाडिलें. तिकडील प्रत्येक भगदाड पावसाच्या माथीं मारतां येणार नाहीं.

यावरून एक गोष्ट निष्पन्न होते. शिलालेख राजाचा पराक्रम सांगतो. पावसाची गोष्ट कारकुनाच्या जमाखर्चांत राहते. पडझडीचा खर्च, बेगारीचा हिशेब, जमीन वाहून गेल्याबद्दल मागितलेली सूट, हींच पर्जन्याचीं खरीं साधनें होत.

त्यांची गरज आज कां, तेंही सांगितलें पाहिजे. 2014 त माळीण येथें दरडीखालीं 151 माणसें गेलीं. 2021 त तळिये, 2023 त इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी. ही वाडी दरडींचा धोका असलेल्या गांवांच्या यादींत नव्हती. 2017 त प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार मध्य भारतांत 1950 ते 2015 या काळांत विस्तृत अतिवृष्टीचे प्रसंग सुमारें तिप्पट झाले, आणि तेही पावसाची एकूण बेरीज वाढली नसतां. तापलेल्या अरबी समुद्राची वाफ हें त्याचें कारण दिलें आहे. कड्याची घडण तीच राहिली. त्यावर एका दिवसांत पडणारा भार वाढला.

अशा स्थितींत मागील दोन पिढ्यांच्या स्मरणावर केलेली यादी अपुरी ठरते. वऱ्हाडांतील देशमुख-देशपांड्यांच्या घरीं असलेले रुमाल आमचे संग्राहक बंधु वतनाच्या वादासाठीं चाळतात, व 'पावसानें वाहून गेलें' एवढाच शेरा असलेला कागद निरुपयोगी म्हणून बाजूस टाकितात. तो टाकूं नये. त्यावरील गांव, तिथि व नक्षत्र उतरून ठेवावें. कोणता उतार पूर्वीं एकदां सुटला होता हें त्यावरून कळेल, व त्या उताराखालीं आज वस्ती असेल तर तिला वेळींच सावध करितां येईल.